रात्र जागवणारे पाय

ती घरंदाज इंग्रज बाई दिवसा अगदी ठीक असायची. आठवड्यातून दोन रात्री मात्र अंथरुणाला पाठ टेकली, डोळा लागायची वेळ झाली, की तिच्या हातापायांना झटके सुरू होत. झोप राहिली बाजूला, स्वस्थ पडून राहणंही जमत नसे. तिला तपासणारे डॉक्टर होते थॉमस विलिस. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, ते आजही जगभर विलिस यांच्या नावानं ओळखलं जातं. या विकाराचं वर्णन त्यांनी लॅटिन ग्रंथात १६७२ साली छापलं आणि रुग्णांच्या हालांची तुलना केली ती कैद्याच्या छळाशी. आजार पायांत, पण मारतो झोपेला, हे त्यांनी ओळखलं होतं.

उपाय म्हणून त्यांनी त्या बाईला अफूचा अर्क दिला, जवळपास तीन महिने रोज. दरम्यान इतर औषधांनी तिच्या रक्तातला आणि मज्जातंतूंतला दोष सुधारला, मग अफू पूर्ण थांबवली आणि तिला बऱ्यापैकी झोप येऊ लागली, असं ते लिहितात. रक्तातला दोष! सतराव्या शतकातल्या वैद्यकाची ती नेहमीची भाषा होती, त्यामुळे त्यात आजचं ज्ञान शोधणं बरोबर नाही. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. याच विलिस यांनी आणि त्यांचे शिष्य रिचर्ड लोअर यांनी १६६४ साली नॉर्दम्प्टनशरमधल्या ॲस्ट्रॉपचा झरा प्रसिद्धीला आणला. तो झरा लोहयुक्त पाण्याचा. रोगी तिथे पाणी प्यायला जाऊ लागले. म्हणजे रात्री जागवणारे पाय आणि लोह, दोन्ही एकाच माणसाच्या हाताशी होते. त्या बाईला त्यांनी लोह दिलं होतं, असा दावा मी करणार नाही. पण या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे जवळपास तीनशे वर्षं लागली, आणि पडलेली गाठ पुन्हा सुटली. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

आधी या त्रासाचं रूप नीट समजून घेऊ, कारण त्याची गल्लत फार होते. पोटरीत गोळा येतो तसा हा नाही. गोळ्याची कळ जीवघेणी असते, स्नायू दगडासारखा होतो आणि थोड्या वेळानं सुटतो. पाय दबून मुंग्या येतात, तसंही हे नाही. हाडाच्या आत, खोल कुठेतरी वळवळ, ओढ, हुळहुळ सुरू होते. नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही, फक्त पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं टाकली की थांबतं. आडवं झालं की पुन्हा सुरू. बसल्या-पडल्या सुरू होणं, हालचालीनं कमी होणं आणि संध्याकाळनंतर वाढणं, ही त्याची ओळख. आपल्याकडे बायका ‘पोटऱ्या ओढतात’, ‘पायांत कसंतरीच होतं’ म्हणतात, लेकीला पाय दाबून द्यायला सांगतात, ओढणीनं किंवा जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोटऱ्या आवळून बांधतात. अशा सगळ्यांनाच हा विकार असतो असं नाही. पण ज्यांना असतो, त्यांच्या तोंडीही हेच शब्द असतात.

विलिस यांच्यानंतर हा आजार वैद्यकाच्या पानांवरून जवळजवळ नाहीसा झाला. परत आला तो वेगळ्याच वेषात. १८६१ मध्ये थिओडोर विटमाक या जर्मन डॉक्टरांनी त्याला लॅटिन नाव दिलं. त्याचा अर्थ होतो ‘नडग्यांची घालमेल’. नाव चपखल होतं, पण त्यांनी तो विकार बसवला उन्मादाच्या खात्यात. अमेरिकेतल्या जॉर्ज बिअर्ड यांनी त्याला दुबळ्या नसांच्या मोठ्या गाठोड्यात कोंबलं. हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा सुमारे दुप्पट होतो, आणि गरोदरपणात तर चार-पाच जणींमागे एकीला. बाईचा आजार, रात्रीचा आजार, आणि तपासायला गेलं तर पायावर ना सूज ना व्रण. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना तो मनाचा वाटला, यात नवल नाही. नवल याचं की कुणाला तसं वाटलं की तपास तिथेच थांबायचा. वैद्यकाच्या इतिहासातला हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. रोग्याचं म्हणणं पटलं नाही तर निदान तपास तरी सुरू ठेवावा, एवढीही अपेक्षा पूर्ण झाली नाही.

ती पूर्ण केली स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी. महायुद्ध सुरू होतं, स्वीडन तटस्थ होता, आणि स्टॉकहोममध्ये हे तरुण मज्जातंतुतज्ज्ञ रुग्णांना एक साधा प्रश्न विचारत होते: रात्री पाय स्वस्थ राहतात का? १९४४ मध्ये त्यांनी पहिला लेख लिहिला आणि १९४५ मध्ये अख्खा प्रबंध. ‘रेस्टलेस लेग्ज’ हे आज रूढ असलेलं नाव त्यांचंच. हा विकार दुर्मीळ नाही, शंभरात पाच जणांना असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. मनाचा खेळ म्हणून त्यांनी तो झटकला नाही. कारण मात्र त्यांनी चुकीच्या जागी शोधलं. पायांतला रक्तप्रवाह नीट होत नसावा असं त्यांना वाटलं, म्हणून रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं त्यांनी देऊन पाहिली.

पण एकबोम यांची नजर प्रामाणिक होती, आणि त्यांच्या नोंदी त्यांच्या तर्कापेक्षा पुढे गेल्या. हा त्रास कुणाकुणाला होतो, याची यादी त्यांच्या हातून वर्षानुवर्षं वाढत गेली. गरोदर बायका. पंडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेली माणसं. १९५६ मध्ये त्यांनी रक्तदात्यांबद्दल लिहिलं: नेमानं रक्त देणाऱ्या निरोगी माणसांचे पाय रात्री वळवळू लागले होते. पुढे जठराचा काही भाग शस्त्रक्रियेनं काढलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. ही यादी आज वाचताना अंगावर काटा येतो. गरोदरपणात आईला सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. एकदा रक्त दिलं की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. अन्नातलं लोह अंगी लागायला जठरातलं आम्ल लागतं, आणि जठर कापलं की तेच घटतं. वाटा निरनिराळ्या असल्या तरी सगळ्यांच्या शेवटी एकच उणीव उभी आहे.

ती उणीव ओळखून थेट भरून काढली ती दुसऱ्या एका स्वीडिश डॉक्टरांनी. त्यांचं नाव नील्स-ब्रागे नोर्दलान्देर. १९५३ साली त्यांचा जेमतेम तीन पानांचा लेख प्रसिद्ध झाला. या विकाराच्या २२ रुग्णांना त्यांनी शिरेतून लोह दिलं होतं. २१ जणांचा त्रास गेला. औषधाच्या इतिहासात असे आकडे फार कमी वेळा दिसतात. आज आपण म्हणू की तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, नुसतं मिठाचं पाणी देऊन पाहिलं नव्हतं, आणि हा आक्षेप रास्तच आहे. पण मला मोलाचं वाटतं ते त्यांचं निरीक्षण. यांतल्या काही रुग्णांच्या रक्तात लोह पुरेसं होतं, पंडुरोग नव्हता, आणि तरीही शिरेतल्या लोहानं त्यांना आराम पडला. त्यावरून नोर्दलान्देर यांनी अंदाज बांधला की रक्तातलं लोह नेहमीसारखं असूनही शरीराच्या एखाद्या भागात त्याचा तुटवडा असू शकतो. तो भाग कोणता, ते दाखवायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. अंदाज मात्र अचूक होता.

त्यानंतरची जवळपास चाळीस वर्षं हा लेख ग्रंथालयाच्या कपाटात राहिला. असं का व्हावं? एक कारण मोजमापाचं. शरीर लोहाचा साठा फेरिटिन नावाच्या प्रथिनात ठेवतं. ते १९३७ मध्ये व्हिलेम लाउफबेर्गेर या चेक शास्त्रज्ञानं घोड्याच्या प्लीहेतून वेगळं काढलं होतं. पण माणसाच्या रक्तातलं किंचितसं फेरिटिन मोजायची पद्धत निघाली १९७२ मध्ये, वेल्समधल्या कार्डिफ शहरात. तोवर डॉक्टरांपुढे होतं ते हिमोग्लोबिन आणि रक्तात त्या क्षणी फिरणारं लोह. हिमोग्लोबिन तर सगळ्यात शेवटी घसरतं. घरातला कणगा आधी रिकामा होतो, ताटातली भाकरी नंतर कमी होते, आणि डॉक्टर ताट बघून घर खाऊनपिऊन सुखी आहे असं लिहीत होते. दुसरं कारण भीतीचं. त्या काळची शिरेतून द्यायची लोहाची औषधं काही रुग्णांना एकदम सहन होत नसत, जिवावर बेतू शकत असे. गोळ्या सुरक्षित, पण त्यांचा गुण यायला महिने लागत, आणि पोट बिघडे ते वेगळंच.

आणि मग एक झटपट उपाय सापडला. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या शेवकेत आकपिनार यांनी लिहिलं की कंपवातावर देतात ते लेव्होडोपा या रुग्णांना दिलं तर पाय शांत होतात. हे खरं होतं, आणि गुण पहिल्याच रात्री दिसत असे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, त्याचाच हा घोळ, असं सगळ्यांनी धरलं आणि औषध कंपन्याही त्याच वाटेनं निघाल्या. लोहाची आठवण कुणाला राहिली नाही. डोपामिन बनवणाऱ्या विकराला काम करायला लोहच लागतं, हे जीवरसायनाच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, तरीही.

याच काळात अमेरिकेतले रुग्ण स्वतःच एकत्र येऊ लागले. वर्षानुवर्षं रात्री एकट्यानं घरभर येरझारा घालणाऱ्यांना कळलं की आपल्यासारखे लाखो आहेत. १९९२ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली. १९९५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी निदानाच्या खुणा ठरवून छापल्या, आणि मग निदान एवढं तरी झालं की दोन शहरांतले दोन डॉक्टर एकाच आजाराबद्दल बोलू लागले.

लोहाकडे पहिली पावलं परत वळली ती म्हाताऱ्या माणसांच्या निमित्तानं. शॉन ओ’कीफ या आयरिश डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९९४ मध्ये अठरा वृद्ध रुग्णांची तुलना हा त्रास नसलेल्या अठरा जणांशी केली. हिमोग्लोबिनमध्ये ठळक फरक नव्हता, फेरिटिन मात्र रुग्णांमध्ये कमी होतं. आणि जितकं कमी तितका त्रास जास्त. लोहाच्या गोळ्या दिल्यावर ज्यांचं फेरिटिन सर्वांत खाली होतं त्यांना सर्वांत जास्त आराम पडला. नोर्दलान्देर यांच्या लेखाला तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती.

पुढचं काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झालं. रिचर्ड ॲलन आणि ख्रिस्तोफर अर्ली या दोघांनी नोर्दलान्देर यांचा जुना अंदाज गांभीर्यानं घेतला. रक्त ठीक असेल तर तुटवडा मेंदूत असेल का? मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यातून सुईनं काढता येतं. ते त्यांनी सोळा रुग्ण आणि आठ निरोगी माणसांकडून घेतलं. २००० साली निष्कर्ष छापून आला. दोन्ही गटांच्या रक्तात फेरिटिनचा फरक नव्हता. कण्यातल्या पाण्यात मात्र रुग्णांचं फेरिटिन निरोगी माणसांच्या सुमारे एक तृतीयांश होतं. पुढच्याच वर्षी एमआरआयच्या चित्रांतही मेंदूतल्या ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागात लोह कमी दिसलं. डोपामिन तयार होतं ते याच भागात.

शेवटचा पुरावा मात्र रुग्णांनी दिला, आपल्या मरणानंतर. त्यांच्या संस्थेच्या सभासदांनी मेंदू दान करायचं ठरवलं. ते हार्वर्डच्या मेंदूपेढीत जतन झाले. पेन्सिल्व्हेनियातले जेम्स कॉनर यांनी त्यांतले सात मेंदू हा आजार नसलेल्या पाच मेंदूंशी ताडून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कंपवातात काळसर भागातल्या पेशी मरतात, इथे एकही पेशी झडलेली दिसली नाही. पेशी जिवंत होत्या, फक्त लोहाला भुकेल्या होत्या. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. लोह आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर दारं असतात. उपाशी पेशीनं ती वाढवायला हवीत, पण या पेशींवर दारंही कमीच होती. म्हणजे बिघाड नुसत्या पुरवठ्यात नव्हता, तो घेण्यातही होता. कोठार भरलेलं असलं तरी धान्य चुलीपर्यंत पोचतच नव्हतं. ज्या माणसांना आयुष्यभर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकावं लागलं, त्यांनी जाता जाता आपला मेंदू पुढे ठेवला आणि म्हटलं, बघा.

रात्रीच का, या प्रश्नाचाही थोडा उलगडा झाला. रक्तातलं लोह दिवसभर सारखं नसतं. सकाळी ते भरात असतं आणि रात्री खाली उतरतं. ज्याच्या मेंदूत लोह आधीच काठावर आहे, त्याला ही रोजची ओहोटी झेपत नाही. शिवाय हे पाय झोपेतही स्वस्थ नसतात. इटलीतल्या बोलोन्याचे एलिओ लुगारेझी यांनी १९६५ मध्ये रात्रभर यंत्रं लावून दाखवलं होतं की अशा माणसांचे पाय झोपेत ठरावीक अंतरानं, साधारण अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं, उडत राहतात. माणसाला जाग आल्याचं कळतही नाही, पण झोपेचा धागा रात्रीतून शेकडो वेळा तुटतो. सकाळी उठून तो म्हणतो की झोपलो तर होतो, मग अंग असं मोडून का आलंय?

आनुवंशिकतेचा दुवा २००७ मध्ये मिळाला. आइसलँड आणि अमेरिकेतल्या कुटुंबांच्या तपासात या विकाराशी निगडित एक जनुक सापडलं, आणि ज्यांच्यात त्याचा धोकादायक प्रकार होता त्यांचं फेरिटिनही कमी निघालं. आई, मावशी, आजी, सगळ्यांचेच पाय रात्री ओढायचे असं सांगणाऱ्या घरांना त्यामागचं कारण मिळालं.

इकडे डोपामिनवाल्या औषधांचं दुसरं तोंड दिसू लागलं होतं. ॲलन आणि अर्ली यांनीच १९९६ मध्ये लिहिलं होतं की लेव्होडोपा घेणाऱ्यांचा त्रास काही काळानं उलट वाढतो: रात्री दहाला सुरू होणारी वळवळ संध्याकाळी पाचला सुरू होते, पायांतली हातांत शिरते. मात्रा वाढवली की चार दिवस बरं वाटतं आणि मग आणखी बिघडतं. तरीही २००५ मध्ये अमेरिकेत या गटातलं एक औषध याच आजारासाठी मंजूर झालं, लगोलग दुसरं आलं, जाहिराती झाल्या. काही रुग्णांना त्यापायी जुगाराचं किंवा बेबंद खरेदीचं वेड लागलं. हे वळण टाळता आलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. १९५३ चा लेख उपलब्ध होता. वाचायला कुणी तयार नव्हतं.

लोहही सरळ मार्गानं जिंकलं नाही, हे सांगायला हवं. अर्ली यांनीच शिरेतून देण्याच्या एका लोहौषधाची काटेकोर चाचणी घेतली, ती गुण दिसेना म्हणून अर्ध्यावर थांबवावी लागली. त्यांनी तेही तसंच छापलं. रक्तातून हळूहळू सुटणारी नवी लोहौषधं आली तेव्हा निकाल बदलला. गोळ्यांच्या एका चाचणीत, फेरिटिन काठावर असलेल्या रुग्णांना बारा आठवड्यांत स्पष्ट आराम पडला. प्रत्येकाला गुण येतो असं आजही नाही. पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीनं नवी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यांत आधी लोह तपासा, प्रौढांचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्या, असं म्हटलं आहे. डोपामिनची औषधं सरसकट वापरू नयेत, असंही त्यांनी सुचवलं.

यातला ७५ हा आकडा महाराष्ट्रातल्या वाचकानं लक्षात ठेवावा असा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका पंडुरोगी निघाल्या. चौथ्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या. म्हणजे आपण मागे गेलो. ही मोजणी हिमोग्लोबिनची. हिमोग्लोबिन घसरण्याआधीच ज्यांचा लोहसाठा संपला आहे, अशा बायका या आकड्यात धरलेल्याच नाहीत. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा बहुधा १० ते १५ छापलेली असते. त्यामुळे २० आलं तरी पुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. रक्त बनायला ते पुरत असेल. रात्री ज्यांचे पाय वळवळतात त्यांच्या मेंदूला ते पुरत नाही.

म्हणून घरात कुणी रात्री उठून फेऱ्या मारत असेल, पोटऱ्या बांधून झोपत असेल, तर तिला थकवा किंवा वय म्हणून गप्प बसवू नका. डॉक्टरांना पायांचं आणि झोपेचं दोन्ही सांगा, आणि सकाळी उपाशीपोटी फेरिटिन आणि लोहाची तपासणी करून मागा. ताप किंवा जंतुसंसर्ग अंगात असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा तो बरा झाल्यावर तपासा. अहवालाशिवाय मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, कारण जादा लोह यकृतात साठतं आणि ते काढून टाकायची सोय शरीराकडे नाही. अहवाल हाती आला की ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका. त्याच्या शेजारचा आकडा वाचा आणि तो डॉक्टरांना विचारा.